डॉक्टर, मी चार पानं लिहून आणली होती

प्रति,
नाशिकमधले सर्व मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक आणि त्यांच्या दवाखान्यांत बाहेरच्या टेबलावर बसून नंबर लावणारे ताई-दादा,

सप्रेम नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी, जूनच्या दुसऱ्या आठवड्यात, मी तुमच्यापैकी एकांकडे आले होते. नाव सांगणार नाही. त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तरी बहुतेक तेच झालं असतं, म्हणून तर पत्र सगळ्यांना लिहितेय.

मी चार पानं लिहून नेली होती. फुलस्केप, समास सोडून, स्टेपल केलेली. लिहायला अकरा दिवस लागले. झोप कधीपासून उडाली, ऑफिसात कुठल्या दिवशी काय झालं, बोलता बोलता वाचा बंद होते ती कधी आणि किती वेळ, आधी कुठल्या गोळ्या घेतल्या आणि कशानं काय झालं, सगळं तारखेनिशी. डॉक्टरांनी पानं घेतली, वरचं पान जरा तिरकं करून पाहिलं, टेबलावर ठेवली आणि वर पेपरवेट ठेवला. काचेचा होता, आत निळं फूल असलेला. म्हणाले, "हे राहू द्या. तुम्ही मोकळेपणानं तोंडानं सांगा."

पुढची नऊ मिनिटं मी बराच वेळ त्या निळ्या फुलाकडेच बघत बसले. नऊ, कारण समोर घड्याळ होतं. तोंडातून निघालं ते एवढंच: "झोप येत नाही." मग डॉक्टरांनी शेजारी बसलेल्या माझ्या आईला विचारलं, "जेवतात का नीट?" आई म्हणाली, "जेवते, पण फार हळू." चिठ्ठीवर दोन गोळ्या आल्या आणि सल्ला आला की लोकांत मिसळा. पेपरवेट उचलला गेला, पानं मला परत मिळाली.

मी अडतीस वर्षांची आहे. अंबडच्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते. जीएसटीचं रिटर्न माझ्या हातून आजवर एकदाही उशिरा गेलेलं नाही. त्या चार पानांनंतर पाच महिन्यांनी, पुण्याला चार फेऱ्या मारून, मला कळलं की मी ऑटिस्टिक आहे, म्हणजे माझ्या मेंदूची घडणच वेगळी आहे, आणि जन्मापासूनच तशी होते.

"पण ऑटिझम तर लहान मुलांना असतो ना?" हे मला आतापर्यंत तिघांनी विचारलंय. त्यातले दोघे डॉक्टर. अमेरिकेतले बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ज्या अकरा ऑटिस्टिक मुलांबद्दल पहिल्यांदा लिहिलं, त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट. तो मोठा झाला, गावातल्या बँकेत नोकरीला लागला, गाडी चालवायला शिकला, जगभर हिंडला आणि २०२३ मध्ये, ८९ व्या वर्षी गेला. मुलं मोठी होतात हो. आपल्याकडे मात्र राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आणि त्यातली जिल्हा पातळीवरची शीघ्र हस्तक्षेप केंद्रं, सगळं शून्य ते अठरा. एकोणिसाव्या वाढदिवसाला त्या मुलानं जायचं कुठं, तर तुमच्याकडे. आणि तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी मोठा झालेला ऑटिस्टिक माणूस समोर बसलेला पाहिला, तरी तो तसा आहे हे ओळखलेलं नसतं.

मीही कुणाच्या लक्षात आले नाही, कारण आमच्याकडे अबोल मुलगी ही तक्रार नसते, कौतुक असतं. शाळेत बाई म्हणायच्या, "माझ्याकडं बघून बोल." तेव्हा मी त्यांच्या कुंकवाकडे बघायला शिकले. दोन भुवयांच्या बरोब्बर मध्ये. समोरच्याला वाटतं, डोळ्यांत बघतेय. डॉक्टर, तुमच्याकडेही मी तशीच बघत होते, आणि तुम्ही केसपेपरवर 'आय कॉन्टॅक्ट चांगला' असं लिहिलंत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला जायचं तर माझ्या वहीत आदल्या रात्री लिहिलेलं असायचं: "साडी छान आहे. कुठून घेतली? (उत्तर पूर्ण ऐकायचं.) यंदा थंडी जास्त आहे. बरं, येते हं." ती वही अजून आहे. द्राक्षांच्या दिवसांत 'यंदा थंडी' चालतं; बाकी वर्षभर दुसरं वाक्य शोधावं लागतं.

यावरून आठवलं. ऑटिस्टिकसाठी मराठीत वापरतात त्या 'स्वमग्न' या शब्दाशी माझं कधीच जमलं नाही. ज्यांनी तो रुजवला त्यांचा हेतू चांगला होता, मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही 'स्वतः' असाच आहे. पण स्वतःत मग्न व्हायला मला वेळ कुठे होता? ही का हसली, तो गप्प का झाला, आता मी उठायचं की बसायचं, दिवसभर मी दुसऱ्यांच्यातच मग्न. रात्री घरी आल्यावर चपला काढायचीसुद्धा ताकद उरायची नाही. दारातच बसून राहायचे.

आता तुमच्या दाराबद्दल. ते फोननं उघडतं. "सकाळी दहा ते अकरा फोन करून नंबर लावा." मी फोनवर नीट बोलू शकत नाही. समोरचा चेहरा नाही, आवाज तुटक, आणि "हां बोला" म्हटल्यावर किती सेकंदांत बोलायचं असतं ते मला समजत नाही. त्या पहिल्या नंबरासाठी मी सहा दिवस रोज सकाळी फोन हातात घेऊन बसले आणि सातव्या दिवशी आईला करायला सांगितला. आईनं केला म्हणून आई सोबत आली, आई सोबत आली म्हणून प्रश्न आईला विचारले गेले. छत्तीस वर्षांच्या बाईच्या आयुष्यात काय चाललंय हे तिच्या समोर तिच्या आईला विचारायचं, हे एका फोनवरून सुरू झालं. व्हॉट्सअ‍ॅपवर नंबर दिला असता तर एवढं सगळं टळलं असतं.

मग बाहेर बसणं. माझा नंबर चौदावा होता. डोक्यावरची ट्यूब गुणगुणत होती. तुम्हाला ती ऐकू येत नसेल, मला येते. टीव्हीवर मालिका, खाली रसवंतीचं यंत्र, नुकतीच फिनाईलनं पुसलेली फरशी, आणि दर पाच मिनिटांनी मोठ्यानं एक नाव. दोन तास दहा मिनिटं. माझ्या हातात नाडीचे ठोके मोजणारं घड्याळ असतं, कारण भूक लागलीय की भीती वाटतेय हे मला आतून कळत नाही. ऑटिस्टिक माणसांपैकी सुमारे निम्म्यांना स्वतःच्या भावना ओळखून त्यांना नाव देणं अवघड जातं, हे अभ्यासांतून दिसलेलं आहे. घड्याळ ११८ दाखवत होतं आणि मी हाताची घडी घालून शांत बसलेली होते. आत गेल्यावर तुम्ही म्हणालात, "तशा शांत दिसताय." मी म्हटलं, "हो." दिसतच होते.

यावर उपाय काय म्हणाल, तर मी अलीकडे ज्यांच्याकडे जाते तिथल्या ताईंनी स्वतःच काढलेला सांगते. मी खाली स्कूटीवर बसते. दोन नंबर आधी त्या मला मिस्ड कॉल देतात. उचलायचा नसतो. खर्च शून्य.

आत आल्यावरचा तुमचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "काय, कसं वाटतंय?" मी एकदा खरं उत्तर दिलं होतं: "खुर्चीची शिवण टोचतेय." तुम्ही हसलात, मीही हसले, आणि तो प्रश्न तिथंच संपला. मग नऊ प्रश्नांचा तो नैराश्याचा फॉर्म. गेल्या दोन आठवड्यांत हा त्रास किती वेळा झाला? मुळीच नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. मी वहीत बघून मोजलं. चौदापैकी सात रात्री झोप नव्हती. सात म्हणजे निम्मे. निम्म्याहून जास्त म्हणता येत नाही, आणि निम्म्या रात्रींना 'काही' म्हणणंही मला खोटं वाटत होतं. मी पेन धरून थांबले, तर बाहेरच्या ताई म्हणाल्या, "मॅडम, अंदाजे करा ना." अंदाजे करता येत असतं तर मी अकाउंट्समध्ये कशाला गेले असते!

त्यातला आठवा प्रश्न त्याहून पेचाचा. हालचाल किंवा बोलणं लोकांच्या लक्षात येईल इतकं मंद झालंय का, किंवा उलट, इतकी चुळबुळ होते का? मी लहानपणापासून डुलते. बसल्या बसल्या, पुढे-मागे, पोथी वाचताना आजी डुलायची तशी. मला त्यानं बरं वाटतं. वाईट काळात उलट मी डुलायची थांबते, आणि तेव्हा आई म्हणते, "आता कशी शहाण्यासारखी बसलीय." फॉर्मवर माझ्या चांगल्या दिवसांना जास्त गुण, म्हणजे जास्त नैराश्य, पडतात. फॉर्म टाकून द्या असं मी म्हणत नाही. तो आदल्या दिवशी घरी पाठवा, आणि समासात लिहायला जागा ठेवा.

सल्ला मी पाळला, बरं का. लोकांत मिसळा म्हणालात म्हणून कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर सकाळी सकाळी हसणाऱ्या मंडळींत जाऊन उभी राहिले. सहा दिवस हात वर करून हसले. माणसं खरोखर चांगली होती, एका काकूंनी मला डब्यातून उकडीचे मोदकही दिले. सातव्या दिवशी माझं बोलणं बंद झालं ते तीन दिवस. घरच्यांना वाटलं, रुसलीय.

याला इंग्रजीत ऑटिस्टिक बर्नआउट म्हणतात. २०२० मध्ये संशोधक डोरा रेमेकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑटिस्टिक प्रौढांशी बोलून त्याचं वर्णन मांडलं: महिनोन्‌महिने न जाणारा थकवा, येत असलेल्या गोष्टी येईनाशा होणं, आवाज-उजेड-गर्दी सोसण्याची ताकद कमी होणं. वरवर ते नैराश्यासारखंच दिसतं. पण नैराश्यात तुम्ही 'बाहेर पडा, काहीतरी करा' सांगता, आणि हे मुळात बाहेर पडून पडून, सगळ्यांसारखं वागून वागूनच झालेलं असतं. त्यावर विश्रांती लागते, एकांत लागतो, मुखवटा काढून ठेवायला एक खोली लागते. दोन्ही एकाच वेळी असू शकतं, हेही मला माहीत आहे. मग वेगळं कसं काढायचं हे तुमचं काम. पण त्यासाठी आधी चार पानं वाचावी लागतील.

तिसऱ्या पानावर काय होतं ते आता सांगते. वरून सातव्या ओळीत लिहिलं होतं की मला जगावंसं वाटत नाही, आणि हे कधीपासून. ते तोंडानं सांगणं मला शक्यच नव्हतं, विशेषतः आई शेजारी असताना. आज मी ठीक आहे, काळजी करू नका. पण केंब्रिजच्या एका निदान केंद्रात आलेल्या ३७४ प्रौढांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ६६ टक्के लोकांनी आयुष्यात कधी ना कधी आत्महत्येचा विचार मनात आल्याचं सांगितलं. ही सगळी माणसं मोठेपणी निदान झालेली होती, माझ्यासारखी. तुमच्याकडे येणाऱ्या या माणसांचा चेहरा शांत असेल, आवाज सपाट असेल, कदाचित ती 'हो, ठीक' म्हणतील. त्यांना थेट विचारा. सूचक बोलू नका, आम्हाला सूचक कळत नाही. "जीव द्यावा असं मनात येतं का? हो की नाही?" असं कागदावर लिहून समोर सरकवा.

सरकारची टेलि-मानस ही मानसिक आधाराची फोनसेवा आहे, १४४१६. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली, चोवीस तास, मराठीतून, फुकट. ज्याला बोलता येतं त्यानं जरूर लावावा हा नंबर, मी माझ्या मावसभावाला लावायला लावलाय. पण ती मुळात फोनवर बोलण्याचीच सेवा. रात्री दोन वाजता वाचा गेलेल्या माणसानं काय करायचं? माझं उत्तर असं की मी बहिणीला एक ठरलेला इमोजी पाठवते, छत्रीचा. ती येते. प्रत्येकाला बहीण असतेच असं नाही.

कायद्याचं थोडं बोलते, धमकी म्हणून नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये जी एकवीस प्रकारची अपंगत्वं मोजली आहेत, त्यांत ऑटिझम आहे. त्याच कायद्यात 'संवाद' या शब्दाची व्याख्या आहे आणि तिच्यात खुणांची भाषा, ब्रेल, मोठा टाइप, सोपी भाषा यांच्याबरोबर लेखी मजकूरही येतो. सरकारी असो की खासगी, रुग्णालयात अडथळा नसावा, हेही त्यातच आहे. अडथळा म्हटलं की आपल्याला जिन्याशेजारचा रॅम्प आठवतो. माझा अडथळा "तोंडानं सांगा" हा आहे. शिवाय मानसिक आरोग्यसेवा अधिनियम २०१७ प्रत्येक प्रौढाला आगाऊ निर्देश लिहून ठेवायचा हक्क देतो, की उद्या मी आजारी पडून स्वतः ठरवू शकले नाही, तर माझ्यावर कसे उपचार करा आणि कसे करू नका. म्हणजे सगळ्यात वाईट दिवसासाठी कायदा माझा कागद मान्य करतो. मग साध्या मंगळवारच्या संध्याकाळी तो पेपरवेटखाली का जावा?

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची कथा लांबवत नाही. त्यासाठी ऑटिझम मोजायचं चाळीस मुद्द्यांचं एक भारतीय मोजमाप आहे, आयएसएए. त्यात 'एकट्यानं, तेच तेच खेळणं' असा एक मुद्दा आहे. मला विचारल्यावर मी प्रामाणिकपणे सांगितलं की मी फोनवर सुडोकू खेळते, एकटीच, रोज. समोरच्यांना ते कुठे बसवावं कळेना. चूक त्यांचीही नव्हती.

आता चांगलं सांगते, नाहीतर वाटेल नाशिकला काहीच होत नाही. गेल्या वर्षापासून मी नाशिकरोडला एका समुपदेशक मॅडमकडे जाते. पहिल्याच वेळी मी गप्प बसले, तेव्हा त्यांनी टेबलावरची साधी दोनशेपानी वही उघडली, वर तारीख घातली, एक प्रश्न लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवली. मी लिहून परत सरकवली. पाऊण तास आम्ही दोघी एक शब्द न बोलता शाळेतल्या मुलींसारख्या वही फिरवत होतो. वरचा पंखा त्यांनी मला न विचारता बंद केला होता. माझी नजर दोनदा वर गेलेली त्यांनी पाहिली होती. शेवटी त्यांनी लिहिलं, "आज दमलात. पुढच्या वेळचे तीन प्रश्न परवापर्यंत पाठवते." आणि परवाच पाठवले. आता बऱ्याचदा मी बोलते. वही टेबलावर असते, एवढ्यानंच बोलता येतं. गोळीसुद्धा आताच्या डॉक्टरांनी अगदी कमी मात्रेपासून, एकेक पायरीनं वाढवली, आणि काय काय त्रास होऊ शकतो याचा तक्ता मॅडमनी करून दिला. मी रोज खूण करते, कारण 'काही त्रास होतोय का' असं नुसतं विचारलं तर मी 'नाही' म्हणते.

मॅडमनी कुठे परदेशात जाऊन शिक्षण घेतलेलं नाही. त्या म्हणतात, त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं, त्या बघून शिकल्या. इथं मला म्हसरूळच्या विद्यापीठाकडे बोट दाखवावंसं वाटतं. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या गावात आहे, राज्यभरातल्या वैद्यकीय परीक्षा तिथून चालतात. भावी मानसोपचारतज्ज्ञांच्या तोंडी परीक्षेत एखादा तरी पेशंट असा बसवा, जो प्रौढ आहे, नोकरी करतो आणि कागदावरच बोलतो. जमलं तर खरा ऑटिस्टिक माणूस बोलवा. मी यायला तयार आहे, रजा टाकून.

काही जण मला सांगतात की उत्तर महाराष्ट्राला स्वतंत्र मनोरुग्णालय हवं. सरकारची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, आपल्याकडे एकही नाही. असेल गरज, मी नाही म्हणत नाही. मला मात्र खाटा नकोत. मला जिल्हा रुग्णालयात आणि महापालिकेच्या दवाखान्यांत मानसोपचाराच्या ओपीडीच्या दिवशी एक तास हवाय, आधी ठरवलेल्या वेळेचा, टीव्ही बंद असलेला. सिंहस्थासाठी गावभर रस्ते उकरले जाताहेत, पूल होताहेत. त्या हिशेबात हा एक तास दिसणारसुद्धा नाही.

आणि एक कबुली. मी लिहू शकते, हे माझं नशीब. सुरगाण्याहून किंवा पेठहून एसटीनं येणारा, अजिबात न बोलणारा, अक्षरओळख नसलेला पंचवीस वर्षांचा मुलगा चार पानं कुठून आणणार? त्याच्यासाठी चित्रांचा तक्ता लागेल, बोट ठेवायला. त्याच्या आईचं ऐकावं लागेल, आणि तिच्याशी बोलताना तो खोलीत आहे हेही लक्षात ठेवावं लागेल. त्याच्या वतीनं बोलायचा अधिकार मला नाही. डोकं आपटून घेणारा मुलगा आला तर, त्याला दुखणं सांगता येत नसेल म्हणून, आधी त्याचे दात आणि कान तपासा, एवढं मात्र त्या आयांकडून ऐकलेलं इथं लिहून ठेवते.

ती चार पानं अजून माझ्याकडे आहेत. मॅडमनी ती वाचली, तिसऱ्या पानाला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी वहीत लिहिलं, "सातवी ओळ. आधी हिच्याबद्दल."

तुमच्यापैकी कुणाला ती वाचायची असतील तर झेरॉक्स पाठवीन. उत्तरही जरूर द्या, रागावूनसुद्धा चालेल. फक्त फोन करू नका. लिहून पाठवा.

आपली,
अंबडच्या कारखान्यातली एक अकाउंटंट
सिडको, नाशिक